जावयाची टाकी

कोथरूडच्या त्या सोसायटीत एका फ्लॅटला एकच पार्किंग होतं, आणि श्रीनिवासरावांच्या घरात पुढच्या महिन्यापासून गाड्या मात्र दोन होणार होत्या. सगळ्या भानगडीचं मूळ एवढंच.

पहिली गाडी त्यांची स्वतःची. लाल, बुटकी, दोन हजार दोन सालची, पहिल्या मालकाकडून वर्षभराने विकत घेतलेली, जपानी इंजिनाची आणि अर्थातच पेट्रोलवर चालणारी. आयुष्यभर ड्रॉइंग ऑफिसात रेघा सरळ आहेत का एवढंच बघत आलेल्या माणसाने चाळिशीत एकदाच वाकडं पाऊल टाकलं, ते म्हणजे ही गाडी. दुसरी गाडी जावयाची. केदारने तीन आठवड्यांपूर्वी घेतलेली उंच, पांढरी, नवीकोरी डिझेल. स्पृहाला पाचवा महिना होता, कर्वेनगरचा त्यांचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्टचा पत्ता नाही; तेव्हा बाळ दोन वर्षांचं होईपर्यंत दोघांनी इथंच राहायला यायचं असं ठरलं होतं. सुनीतीताईंनी खोलीला रंगसुद्धा देऊन घेतला होता. राहता राहिली पार्किंगची जागा.

"बाबांची गाडी बाहेर रस्त्यावर लावू," केदार अगदी सौम्यपणे म्हणाला होता. "चांगलं कव्हर आणतो मी."

कव्हर! श्रीनिवासरावांना त्या शब्दाने रात्र रात्र झोप लागेना. रस्त्याकडेला कव्हर घालून उभ्या असलेल्या गाड्या त्यांनी काय पाहिल्या नव्हत्या? आधी कव्हरवर धूळ बसते, मग त्यावर कुत्री झोपतात, मग एक दिवस कुणीतरी 'बेवारस वाहन' अशी नोटीस चिकटवून जातं. ते बसल्या जागी पाय हलवत, उठून गॅलरीत जात, खाली वाकून गाडी जागेवर आहे ना ते बघत आणि परत येऊन पाय हलवत.

"साठीनंतर माणसं गुडघ्यांबद्दल बोलतात," सुनीतीताई म्हणत, "आमच्याकडे इंजिनाबद्दल बोलतात. गुडघे बरे होते."

गेल्या रविवारी जेवताना ठिणगी पडली. केदार चाकणला गाड्यांच्याच कारखान्यात, त्यामुळे त्याला आकडे तोंडपाठ.

"बाबा, तुमची गाडी तिच्या काळात भारीच होती. पण आता टर्बो डिझेलपुढे कुठे? तीनशे न्यूटन मीटर टॉर्क आहे, तोही सतराशे आरपीएमला. तुम्ही गिअर बदलेपर्यंत मी पुढच्या वळणावर असतो."

"सतराशेला ओढते आणि चार हजाराला दमते," श्रीनिवासराव म्हणाले. "माझी पाच हजाराला जागी होते. आणि वजन? तुझी दीड टनाच्या वर आहे. घाटात वजन बोलतं, केदार. आकडे नाही बोलत."

"वजन पण आकडाच आहे ना, बाबा."

"मग जा ना घाटात," सुनीतीताईंनी आमटीचा डाव भांड्यावर आपटला. "जा, आणि काय तो निकाल लावून या. माझ्या टेबलावर इंजिन उघडू नका. जो जिंकेल त्याची गाडी आत, जो हरेल त्याची बाहेर. आणि नंतर कुणी मला एक अक्षर ऐकवायचं नाही."

त्यांनी ते वैतागून म्हटलं होतं. पुरुषांनी ते शब्दशः घेतलं. जुना कात्रज घाट, पायथ्यापासून बोगद्याच्या तोंडापर्यंत. केदारने आधी निघायचं, श्रीनिवासरावांनी एक मिनिटाने, म्हणजे ओव्हरटेकचा आचरटपणा नको. घाटात फोन उचलायचा नाही. वेळ ज्याने त्याने स्वतः मोजायची आणि खरी सांगायची. सुनीतीताई पायथ्याशी घड्याळ धरणार, कारण तीस वर्षं शाळेत सुपरव्हिजन केलेली बाई घरात असताना दुसरा पंच शोधायचं कारण नव्हतं.

शनिवारी संध्याकाळी केदार आणि स्पृहा मुक्कामाला आले. रविवारी साडेपाचलाच श्रीनिवासरावांचे डोळे उघडले. चहा झाला, दाढी झाली, पेपर चाळून झाला, तरी सहाच वाजत होते. निघायचं साडेसातला. आता दीड तास करायचं काय? तेवढ्यात त्यांना जावयाची टाकी आठवली.

हा त्या घरातला रिवाज होता. जावई मुक्कामाला आला की त्याच्या गाडीची टाकी सासऱ्याने भरून द्यायची. लग्नानंतर पहिल्या दिवाळीला एकदा सहज भरली, मग दर वेळी भरली, आणि आता ती न भरणं म्हणजे पानात गोड न वाढण्यासारखं झालं होतं. शर्यत असली म्हणून काय झालं? उलट आज तर भरायलाच हवी, श्रीनिवासरावांना वाटलं. दोन्ही गाड्यांच्या टाक्या काठोकाठ, म्हणजे कुणाला बोलायला जागा नको. स्वतःची त्यांनी कालच भरून आणली होती. त्यांनी खुंटीवरची केदारची किल्ली घेतली आणि खाली उतरले.

खरं सांगायचं तर, टाकी हे निमित्त होतं. त्यांना ती गाडी चालवून बघायची होती.

आणि ती त्यांनी चालवून बघितली. सकाळच्या रिकाम्या पौड रोडवर त्यांनी तिसऱ्या गिअरमध्ये नुसता पाय टेकवला आणि ते पांढरं धूड मागून कुणी ढकलल्यासारखं सुटलं. ना आवाज, ना आटापिटा. त्यांच्या लाल गाडीला एवढं करायला दोन गिअर खाली यावं लागलं असतं, इंजिन ओरडलं असतं, काट्याने अर्धं वर्तुळ पार केलं असतं. इथे काटा दोन हजारावर निवांत पडून होता. ही ओढते, ते स्वतःशीच म्हणाले. केदार थापा मारत नव्हता. ही खरंच ओढते.

याच मनःस्थितीत ते नेहमीच्या पंपावर शिरले, आणि सवयीने नेहमीच्याच बाजूला उभे राहिले. पंपावरचा कचरू त्यांना बावीस वर्षं ओळखत होता. केदारची आधीची छोटी गाडीही त्यानेच कितीदा भरली होती. ती पेट्रोलची होती.

"जावईबापू आलेत वाटतं," कचरू हसला. "नवी गाडी? झ्याक हाय. न्हेमीचंच ना सायेब?"

"हं. फुल," श्रीनिवासराव म्हणाले. त्यांच्या डोक्यात दोन हजारावरचा तो काटा होता.

कचरूने झाकण उघडलं, नळी लावली आणि मुलीच्या बारशाची हकिगत सांगत राहिला. श्रीनिवासरावांनी पैसे दिले, पावती खिशात घातली आणि निघाले. कर्वे पुतळ्याच्या सिग्नलला लाल दिवा लागला तेव्हा त्यांनी पावती काढून वाचली. ते प्रत्येक पावती वाचत. भाजीवाल्याने कागदावर हिशेब करून दिला तर तोही वाचत.

पावतीवर पेट्रोल लिहिलं होतं.

त्यांनी ती पुन्हा वाचली. मग चष्मा पुसून वाचली. मागच्या रिक्षावाल्याने भोंगा वाजवला, दिवा हिरवा झाला होता. गाडी तिथल्या तिथे बंद करायला हवी होती. एवढं त्यांना केदारइतकंच ठाऊक होतं. डिझेलच्या इंजिनात पेट्रोल गेलं की डिझेल ओढणारा पंप वंगणाविना कोरडा पडतो, आधी ओढ कमी होते, मग खडखडाट, मग इंजिन बसतं. पण टाकी आधीच अर्धी भरलेली होती, डिझेल होतंच तिच्यात. गाडी चालूही होती नीट. घर तर जवळच आलं. घरी जाऊन सांगू, त्यांनी ठरवलं. दोन तासांचं काम, टाकी रिकामी करायची. शर्यत पुढच्या रविवारी.

पुढच्या रविवारी हरायचं, एवढाच काय तो फरक.

हा विचार त्यांच्या मनात आला, आणि आला तो आलाच. वळण घेऊन सोसायटीत शिरेपर्यंत तो तिथेच होता.

केदार पार्किंगमध्येच भेटला, बुटाच्या नाड्या बांधत. "अरे बाबा! टाकी भरलीत? काय तुम्ही पण, आज तरी राहू द्यायची." मग लाल गाडीच्या टपावर त्याने थाप मारली. "हिचा एक फोटो काढून ठेवा इथे, या जागेवर. नंतर आठवण म्हणून."

तो थट्टा करत होता. मनाने चांगला मुलगा. पण ती थाप श्रीनिवासरावांना आपल्याच टाळूवर बसल्यासारखी वाटली आणि ओठांवर आलेलं वाक्य त्यांनी गिळलं. चहानंतर सांगू, ते मनात म्हणाले. चहा झाला. पोहे खाताना सांगू. पोहे झाले. ते खुर्चीतून उठत होते, बसत होते, खिशातली पावती चाचपत होते. गाडी बंद पडली तर घाटाच्या पायथ्यापर्यंत जातानाच पडेल, त्यांनी स्वतःला समजावलं. भर वस्तीत. कुणाला काय होणार आहे? नुसती थांबेल. आणि थांबली तर थांबली.

आपण काय विचार करतोय हे त्यांना कळत होतं. कळत नव्हतं असं म्हणायची सोय नव्हती.

सव्वासातला स्पृहा चपला घालून बाहेर आली. "मी पण येते. वर भजी खायची आहेत मला. आई, माझा फोन तुझ्या पर्समध्ये टाक गं, या ड्रेसला खिसा नाही."

"तू माझ्याबरोबर बस," श्रीनिवासराव पटकन म्हणाले.

"छे, बाबा! तुझ्या गाडीत प्रत्येक खड्डा मला वेगळा कळतो. आणि आता तर आम्ही दोघं आहोत." तिने पोटावर हात ठेवला. "केदारच्या गाडीत कसं, सोफ्यावर बसल्यासारखं."

"स्पृहा, थांब जरा."

ती थांबली. केदार थांबला. सुनीतीताईही कुलूप लावता लावता थांबल्या. तिघं त्यांच्याकडे बघत होते आणि सांगायला याहून चांगली वेळ येणार नव्हती.

"पट्टा नीट लाव," श्रीनिवासराव म्हणाले.

वारज्याच्या पुलापासून कात्रज चौकापर्यंत ते त्या पांढऱ्या गाडीच्या मागे, तिच्या नळकांड्याकडे बघत गेले. धूर नाही. झटका नाही. प्रत्येक सिग्नलला ते उतरून जाऊन सांगायचं ठरवत आणि प्रत्येक सिग्नल हिरवा होई. गाडी जितकी व्यवस्थित चालत होती तितके ते जास्त बेचैन होत होते. त्यांना ती बंद पडायला हवी होती, आत्ता, इथे, रिक्षा स्टँडसमोर. ती काही पडली नाही.

घाटाच्या पायथ्याशी दोन्ही गाड्या कडेला लागल्या. सुनीतीताईंनी खाली उतरून घड्याळ पाहिलं, हात वर केला आणि खाली आणला. केदार सुटला. पहिल्या वळणाआड जाताना स्पृहाचा हात खिडकीतून बाहेर आलेला दिसला. ती टाटा करत होती.

आणि तिथे श्रीनिवासरावांना एकदम सगळं चित्र दिसलं. चढ, वरून येणाऱ्या एसट्या आणि डंपर, वळणावर मधोमध बसलेलं इंजिन. इंजिन बसलं की स्टिअरिंग जड होतं, ब्रेक दगडासारखा होतो. गाडी नुसती थांबत नाही. ती मागे येते.

"बस लवकर," ते ओरडले.

"अहो, अजून चाळीस सेकंद आहेत."

"बस म्हणतो ना!"

सुनीतीताई बसल्या, दार लागायच्या आत गाडी निघाली. "केदारला फोन लाव. नाहीतर स्पृहाला," श्रीनिवासराव म्हणाले.

स्पृहाचा फोन सुनीतीताईंच्याच पर्समध्ये वाजला. केदारचा वाजत राहिला, वाजत राहिला आणि थांबला. नियमच होता तसा. नियम करताना श्रीनिवासरावांनीच आग्रह धरला होता.

"झालंय काय?" सुनीतीताईंनी विचारलं.

"त्याच्या गाडीत पेट्रोल आहे. सकाळी मी भरलं. चुकून."

"कळलं कधी तुम्हाला?"

श्रीनिवासरावांनी दुसरा गिअर टाकला. "सिग्नलला. परत येताना."

बावीस वर्षं या सीटवर बसून ज्या बाईने 'हळू' याखेरीज दुसरा शब्द उच्चारला नव्हता, तिने दोन्ही हातांनी वरचा दांडा घट्ट धरला.

"चालवा," त्या म्हणाल्या. "पोचवा मला तिथे."

मग श्रीनिवासरावांनी ती गाडी तिच्या पहिल्या मालकाने चालवावी तशी चालवली. चार हजार, पाच हजार, आणि पाच हजाराच्या पुढे तिचा आवाज बदलला, तो नेहमी बदलायचा तसाच. साडेसहा हजारावर काटा थरथरायला लागला तरी त्यांनी पाय काढला नाही. वळणाआधी ब्रेक, गिअर खाली, वळणातून बाहेर पडताना पुन्हा पूर्ण पाय. टायर किंचाळत होते. एक दूधवाला मोटरसायकल कडेला घेऊन शिव्या देत उभा राहिला. चौथ्या वळणावर वरच्या रस्त्याला पांढरं काहीतरी दिसलं.

इथे जर तुम्हाला वाटत असेल की श्रीनिवासरावांना आनंद बिनंद काही झाला नसेल, तर तसं नाही. पोरीची काळजी होतीच, आणि तरीही आत कुठेतरी एक निर्लज्ज माणूस म्हणत होता, पकडली. त्यांनी त्याला गप्प केलं. तो पुढच्या वळणावर पुन्हा बोलला.

ते मागे पोचले आणि दिवे मारायला लागले. भोंगा दाबून धरला. सुनीतीताईंनी खिडकीतून हात काढून थांब, थांब केलं.

केदारने आरशात पाहिलं आणि त्याला काय वाटायचं तेच वाटलं. सासरा अंगावर येतोय! त्याने पाय दाबला. पांढरी गाडी पुढे सुटली. श्रीनिवासराव जितके दिवे मारत तितका केदार पळे, आणि जितका केदार पळे तितकं इंजिन ते भलतंच तेल ओढे.

"थांबत नाहीये तो," सुनीतीताई रडवेल्या झाल्या. "अहो, त्याला वाटतंय तुम्ही खेळताय."

एक सरळ तुकडा आला. समोरून काही नव्हतं. श्रीनिवासरावांनी तिसऱ्यावरून दुसरा टाकला, गाडी उजवीकडे काढली आणि पाय जमिनीपर्यंत नेला. दोन्ही गाड्या क्षणभर शेजारी शेजारी धावल्या. त्यांना खिडकीत स्पृहाचा चेहरा दिसला. ती हसत नव्हती. तिने समोरचं हँडल धरलं होतं आणि केदारला काहीतरी सांगत होती. मग लाल गाडी पुढे गेली, बोगद्याच्या अलीकडे भज्यांच्या टपरीपाशी रस्त्यात आडवी होऊन उभी राहिली आणि मागे पांढरी गाडी करकचून थांबली.

केदार टाळ्या वाजवतच उतरला. "मानलं, बाबा! एक मिनिटाचं अंतर खाल्लंत तुम्ही. काय चालवलीत! नियमबियम मोडलेत, पण ते सोडा. जिंकलात. पार्किंग तुमचं."

त्याच्या मागे इंजिन अजून चालू होतं. किंचित खडखडत होतं. ऐकायचं ठरवलं तरच ऐकू येईल इतकंच.

श्रीनिवासराव त्याच्या बाजूने गाडीत वाकले आणि त्यांनी ते बंद केलं. मग खिशातली पावती काढून त्याच्या हातात दिली.

"पेट्रोल आहे तुझ्या टाकीत. मी भरलं. चूक झाली माझी."

केदारने पावती पाहिली. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू जायला जरा वेळ लागला. "ठीक आहे," तो सावकाश म्हणाला. "ठीक आहे, होतं असं. पण मग तुम्ही खालीच..." तो थांबला. पावतीवर वेळ होती. सहा वाजून बावीस मिनिटं. "बाबा, तुम्हाला कळलं कधी?"

"तेव्हाच."

स्पृहा दार उघडून बाहेर आली होती. "कधी, तेव्हाच? मी गाडीत बसायच्या आधी?"

"हो."

"तू मला थांब म्हणालास."

"हो."

"आणि मग पट्टा लाव म्हणालास."

श्रीनिवासरावांना सांगायचं असं होतं की मला भीती वाटली, रस्त्यावर जायची भीती वाटली, गाडीची नाही, माझीच. पण हे सगळं बोगद्याच्या तोंडाशी, भज्यांच्या वासात कुठून सुरू करायचं ते त्यांना कळेना.

दोन्ही गाड्या रस्त्याच्या कडेला घेतल्यावर केदारने कंपनीला फोन केला. गाडी उचलून न्यायला ट्रक येणार होता, तासाभराने. सुनीतीताईंनी लेकीला टपरीतून पाणी आणून दिलं, तिच्या पाठीवरून हात फिरवला. स्पृहा पांढऱ्या गाडीच्या सीटवर दार उघडं टाकून बसली, पाय बाहेर सोडून. वरून येणाऱ्या गाड्या वेग कमी करून बघत आणि निघून जात.

केदार येरझारा घालत होता. दोनदा तो श्रीनिवासरावांजवळ आला आणि परत गेला. तो चिडलेला होता, यात शंका नाही. तीन आठवड्यांची गाडी होती. पण तो गाड्यांच्या कारखान्यातला माणूस होता आणि त्याला एक गोष्ट स्वस्थ बसू देत नव्हती. शेवटी तो आलाच.

"एक विचारू? चौथ्या वळणावर कितीला होतात तुम्ही?"

"साडेसहा हजार," श्रीनिवासराव पुटपुटले.

"कुठला गिअर?"

"दुसरा."

केदारने मान हलवली. "माझी तोवर नीट ओढत होती, बाबा. मी सांगतो ना. शेवटच्या सरळ तुकड्यावर थोडी कमी वाटली, त्याच्या आधी काही नाही. पूर्ण ओढत होती. तरी तुम्ही आलात." तो लाल गाडीकडे बघत राहिला. "तेवीस वर्षांची गाडी. च्यायला."

श्रीनिवासरावांनी हे वाक्य ऐकायला किती वर्षं वाट पाहिली होती! गाड्यांच्या माणसाने, डिझेलवाल्याने, स्वतःच्या तोंडाने म्हटलेलं. त्यांनी हसू आवरायचा प्रयत्न केला. पण चेहरा हा काही माणसाच्या हातातला नसतो. ओठांचे कोपरे जरा हलले, डोळे लाल गाडीकडे गेले आणि क्षणभर, एकच क्षण, ते पुन्हा चाळिशीतले झाले.

मग त्यांनी वळून पाहिलं. स्पृहा त्यांच्याकडेच बघत होती.

"बाबा," ती म्हणाली, "आत्ता तुला आनंद झाला ना?"

ते नाही म्हणणार होते. नाही म्हणणं किती सोपं होतं. पण सकाळपासून ते सोपं तेवढंच करत आले होते.

"झाला," ते म्हणाले.

तिने मान डोलावली. तिला राग आल्यासारखं दिसत नव्हतं. त्यापेक्षा राग बरा, असं त्यांना वाटून गेलं. "आई," ती म्हणाली, "आम्ही नाही येत पुढच्या महिन्यात. कर्वेनगरलाच राहतो. जिने चढेन मी."

"अगं, असं काय करतेस? तीन मजले!" सुनीतीताई म्हणाल्या. "रंग दिलाय खोलीला."

"माहितीये."

"स्पृहा, ऐक," केदार म्हणाला. "बाबांनी सांगितलं ना शेवटी. ते जिवावर उदार होऊन आले मागून."

"आले ना. मी बघितलं." ती उठली. पोटाखाली हात धरून, सावकाश. "आणि तू त्यांना आरपीएम विचारत होतास."



श्रीनिवासरावांनी लाल गाडीचं मागचं दार उघडलं. "निदान घरी तरी चल. ऊन चढतंय. हळू नेतो मी. खड्डे चुकवत नेतो."

स्पृहाने त्या उघड्या दाराकडे पाहिलं. मग ती वळली आणि पुन्हा त्या बंद केलेल्या पांढऱ्या गाडीत जाऊन बसली. तिने दार ओढून घेतलं. सुनीतीताई थोडा वेळ दोन्ही गाड्यांच्या मध्ये उभ्या राहिल्या. मग पलीकडच्या बाजूने जाऊन लेकीशेजारी बसल्या.

ट्रक यायला अजून पाऊण तास होता. श्रीनिवासराव दार धरून उभेच होते.